सफारीच्या आधी आणि नंतर: उत्तर टांझानियातल्या मळ्यावरच्या लॉजमध्ये राहायचं कसं

टांझानियाची सफारी ठरवताना सगळी चर्चा सेरेंगेटीत किती रात्री आणि गोरोंगोरोत गेंडा दिसेल का, याच्याभोवती फिरते. पहिली आणि शेवटची रात्र कुठे काढायची हे मात्र टूर कंपनीवर सोडून दिलं जातं. मग विमानतळाजवळच्या कुठल्यातरी कोंदट हॉटेलात रात्र जाते, पहाटे उठून सात-आठ तासांचा प्रवास होतो आणि पहिले दोन दिवस अंगातला शीणच जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की जंगलातली एक रात्र कमी झाली तरी चालेल, पण सफारीच्या दोन्ही टोकांना नीट विश्रांतीची जागा हवी. उत्तर टांझानियात ती मिळतेही. जर्मन आणि नंतर ब्रिटिश अमलाच्या काळात इथे कॉफीचे मळे उभे राहिले. त्यांतल्या काहींवर आज सुंदर लॉज आहेत: बंगलेवजा खोल्या, पुढे हिरवळ, मागे कॉफीची झुडपं आणि भाजीचा वाफा. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तिथे राहण्याची सगळी माहिती क्रमाने देतो.

आधी नकाशा समजून घ्या

लॉजचे फोटो बघण्याआधी रस्ता बघा. जागा चुकली तर लॉज कितीही देखणा असला तरी रोज गाडीत दोन-तीन तास फुकट जातात.

तुमचं विमान उतरतं किलिमांजारो आंतरराष्ट्रीय विमानतळावर. तो अरुशा आणि मोशी या दोन गावांच्या मधोमध आहे. अरुशा तिथून साधारण ५० किलोमीटर, म्हणजे तासाभराचा रस्ता. अरुशाचा स्वतःचा एक छोटा विमानतळही आहे, गावाच्या पश्चिमेला. सेरेंगेटीला जाणारी छोटी विमानं बहुतेक तिथून सुटतात. नवखे लोक या दोन विमानतळांत हमखास गल्लत करतात, म्हणून तिकिटावर नाव नीट वाचा आणि लॉज कुठल्या विमानतळाच्या सोयीचा आहे ते विचारा.

किलिमांजारो विमानतळाकडून अरुशाला येताना वाटेत उसा रिव्हर नावाचं गाव लागतं. मेरू पर्वताच्या पायथ्याचा हा भाग झाडीचा आणि पाण्याचा आहे, आणि जुन्या मळ्यांवरचे बरेच लॉज इथेच आहेत. पहिल्या रात्रीसाठी मी हाच पट्टा सुचवतो. अरुशाची गर्दी ओलांडायची नाही आणि विमानतळ जवळ. आकाश स्वच्छ असेल तर भल्या सकाळी किंवा संध्याकाळी ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारोही दिसतो. दुपारी तो बहुधा ढगात असतो.

दुसरा पट्टा कराटूचा. अरुशापासून पश्चिमेला साधारण १४० किलोमीटर, अडीच ते तीन तास. रस्ता डांबरी आणि चांगला आहे, पण गावागावांत ५० ची वेगमर्यादा आहे आणि पोलीस ती काटेकोरपणे पाळायला लावतात. त्यामुळे ड्रायव्हर हळू चालवतोय म्हणून त्याला टोकू नका. मकुयुनीला रस्ता फुटतो. सरळ गेलं की तारांगिरे नॅशनल पार्क, उजवीकडे वळलं की म्तो वा म्बू गाव आणि मन्यारा सरोवर. मग गाडी रिफ्ट व्हॅलीच्या, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या लांबलचक खचदरीच्या, कड्यावर चढते, हवा एकदम गार होते आणि लाल मातीची शेतं सुरू होतात. हेच कराटू. इथून गोरोंगोरोचं लोडोआरे गेट साधारण अर्ध्या तासावर आहे.

गेटनंतर डांबर संपतं, आणि तिथून पुढचा सेरेंगेटीपर्यंतचा रस्ता खडीचा, धुळीचा आणि खडबडीत आहे.

कुठल्या रात्री कुठे

मुंबईहून जाणारे बहुतेक जण आदिस अबाबा, नैरोबी किंवा दोहामार्गे पोचतात. अशा प्रवासानंतर त्याच दिवशी कराटू गाठायचा हट्ट धरू नका. पहिली रात्र उसा रिव्हर किंवा अरुशाजवळ काढा. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील तर दोन रात्री काढा आणि मधल्या दिवशी अरुशा नॅशनल पार्क बघा. हे पार्क लहान आहे आणि तिथे सिंह नाहीत, म्हणून बरेच जण ते टाळतात. मला मात्र सुरुवातीसाठी ते फार आवडतं. रेंजरबरोबर पायी चालता येतं, काळे-पांढरे कोलोबस वानर झाडांवर दिसतात आणि मोमेला तळ्यांवर फ्लेमिंगो असतात. पुढच्या आठवड्यात गाडीतून पाय खाली ठेवायला फारसं मिळणार नसतं, म्हणून हे चालणं मोलाचं.

पैसे मर्यादित असतील आणि चांगला लॉज एकाच ठिकाणी परवडणार असेल, तर तो सफारीच्या शेवटी, कराटूला घ्या. सुरुवातीला माणूस थकलेला असतो, पण उत्साहात असतो. साधी, स्वच्छ खोली त्याला पुरते. सेरेंगेटीहून परत येताना मात्र केसांत, कॅमेऱ्यात, कानात लाल धूळ असते आणि पाठ बोलत असते. तेव्हा गरम पाणी, जाड गादी आणि कुठेही न जाण्याचा एक अख्खा दिवस याची किंमत कळते.

इथे शुल्काचा एक मुद्दा लक्षात ठेवा. गोरोंगोरो संरक्षित क्षेत्राचं प्रवेश शुल्क २४ तासांच्या हिशोबाने लागतं आणि सेरेंगेटीचा रस्ता याच क्षेत्रातून जातो. क्रेटरमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या ज्वालामुखीच्या प्रचंड खळग्यात, उतरायला वाहनामागे वेगळे पैसे पडतात. त्यामुळे क्रेटर आधी की सेरेंगेटी आधी, मुक्काम गेटच्या आत की बाहेर, यावर माणशी खर्च बराच बदलतो. गेटच्या आत, क्रेटरच्या कड्यावरचे लॉज दृश्यासाठी अप्रतिम आहेत, पण महाग आहेत आणि तिथली थंडी बोचरी असते. कराटूचे लॉज गेटच्या बाहेर असल्यामुळे तिथे मुक्कामाला हे शुल्क लागत नाही. कंपनीकडून कार्यक्रम आला की एकच प्रश्न विचारा: 'आम्ही गेटमधून किती वेळा आत जाणार आणि त्याचे पैसे यात धरले आहेत का?' उत्तर लेखी घ्या.

ऋतू

मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोटा पाऊस, जून ते ऑक्टोबर कोरडे महिने. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे पावसाचा शेवट चाललेला असतो. लॉज स्वस्त मिळतात आणि सगळं हिरवंगार असतं, पण मळ्यातल्या पायवाटा निसरड्या असतात. जून ते ऑगस्ट कराटूला रात्री चांगलीच थंडी पडते. 'आफ्रिका म्हणजे ऊन' असं धरून नुसते सुती कपडे घेऊन आलेल्यांची तिथे फार पंचाईत होते. कॉफीची तोडणी साधारण जुलैपासून पुढे वर्षअखेरीपर्यंत चालते. मळा कामात असताना बघायचा असेल तर हेच महिने निवडा.

बुकिंग करताना काय विचारायचं

जेवणाची व्यवस्था आधी पक्की करा. 'फुल बोर्ड' म्हणजे तिन्ही जेवणं, 'हाफ बोर्ड' म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. कराटूचे मळे गावापासून आत असतात, बाहेर जाऊन जेवायची सोय नसते, म्हणून तिथे फुल बोर्डच घ्या. पिण्याचं पाणी, चहा-कॉफी आणि कपडे धुणं दरात आहे का, हे वेगळं विचारा. मद्य बहुधा वेगळं असतं.

खोली जेवणघरापासून किती लांब आहे आणि मध्ये किती पायऱ्या आहेत, हेही विचारा. बरेच लॉज उतारावर आहेत. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना रोज तीन वेळा साठ पायऱ्या चढायला लागल्या तर विश्रांतीचा उद्देशच संपला. 'जेवणघराजवळची, सपाट वाटेवरची खोली द्या' असं बुकिंगच्या मेलमध्येच लिहा. पोचल्यावर सांगितलं तर खोली उरलेली नसते.

गरम पाण्याची वेळही विचारा. काही ठिकाणी सोलर असतो, काही ठिकाणी लाकडावर बंब पेटवतात आणि सकाळ-संध्याकाळच पाणी मिळतं. खोलीत शेकोटी आहे का, वीज गेली तर जनरेटर कधी चालतो, वायफाय खोलीत आहे की फक्त बैठकीत, हेही त्याच मेलमध्ये विचारून टाका.

लस, व्हिसा, औषधं

यलो फीवरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायला हवी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. केनिया आणि इथिओपिया हे यलो फीवरच्या देशांत मोडतात. तिथून टांझानियात शिरताना, बारा तासांपेक्षा जास्त थांबा झाला असेल तरीही, प्रमाणपत्र मागतात. परतल्यावर भारतातही ते तपासलं जातं आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आपली विमानं याच देशांतून जातात, तेव्हा लस घेऊनच टाका. ती फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते आणि तिथल्या तारखा लवकर भरतात. साठीच्या पुढचे, अंड्याची ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्तीचा त्रास असलेले यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. कराटू उंचावर आहे आणि तिथे डास कमी असतात. म्हणून काही जण मध्येच गोळ्या थांबवतात. असं करू नका. तारांगिरे, मन्यारा, सेरेंगेटी इथे धोका असतोच आणि गोळ्या परतल्यानंतरही सांगितलेले दिवस चालू ठेवायच्या असतात.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, मिळत्याजुळत्या नावाच्या दलाली साइटवर नको. त्याची छापील प्रत जवळ ठेवा.

बॅगेत काय

सेरेंगेटीला छोट्या विमानाने जाणार असाल तर माणशी १५ किलो सामान आणि तेही मऊ बॅगेत, असा नियम असतो. कडक सूटकेस घेत नाहीत. जास्तीचं सामान पहिल्या रात्रीच्या लॉजवर ठेवता येतं, पण शेवटची रात्र त्याच लॉजवर किंवा त्याच वाटेवर असेल तरच याचा उपयोग. हे आधी ठरवून घ्या.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात जून २०१९ पासून बंदी आहे. चिवडा, बाकरवडी, मेतकूट आपण सवयीने कॅरीबॅगमध्ये बांधतो. त्याऐवजी डबे आणि कापडी पिशव्या वापरा. साबण-पेस्टची झिपवाली छोटी पारदर्शक पिशवी चालते.

प्लग तिथे तीन चौकोनी पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे. आपल्या गोल पिना बसत नाहीत. ॲडॉप्टर माणशी एक आणि घरचं एक्स्टेन्शन बोर्ड एक, एवढ्यात सगळ्यांचे कॅमेरे चार्ज होतात. स्वेटर, कानटोपी आणि वाऱ्याचं जाकीट घ्याच. पहाटे क्रेटरला जाताना अंगावर तीनही लागतात. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, कारण त्सेत्से माश्या या रंगांकडे ओढल्या जातात. मळ्यावर त्या नसतात, पण तारांगिरे आणि सेरेंगेटीच्या काही भागांत चांगल्याच चावतात.

पोचल्यावर

दारातच थंडगार, ओला टॉवेल आणि रस हातात देतात. त्या टॉवेलने बिनधास्त चेहरा-हात पुसा. तो पांढराशुभ्र टॉवेल क्षणात विटकरी होतो. सगळ्यांचाच होतो, त्यात संकोच नको. 'जांबो'ला 'जांबो' म्हणा, 'असांते साना' म्हणजे खूप आभारी आहे, हे शिकून घ्या. वयाने मोठ्या माणसाला 'शिकामू' म्हणून नमस्कार करतात आणि तो 'माराहाबा' म्हणतो. आपल्याकडे मोठ्यांना वाकून नमस्कार करतो तसाच भाव त्यात आहे. पाहुण्याने तो केला की माळीबाबांचा चेहरा खुलतो.

संध्याकाळी तुम्ही जेवायला जाता तेव्हा कर्मचारी येऊन मच्छरदाणी सोडतात, शेकोटी पेटवतात आणि थंडीच्या दिवसांत पांघरुणाच्या आत, पायाकडे गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवतात. हे माहीत नसलं की अंधारात पाय लागून माणूस ओरडतो, कारण ती लोकरी कव्हरमध्ये असते आणि ऊबदार लागते. मुलांना आधीच सांगून ठेवा.

अंधार पडल्यावर एकट्याने खोलीबाहेर पडायचं नाही, हा नियम अगदी मनापासून पाळा. कराटूच्या मळ्यांना लागून गोरोंगोरोचं जंगल आहे आणि तिथून रानम्हशी हिरवळीवर चरायला येतात, कधी हत्तीही येतात. रानम्हैस लांबून गाईसारखी शांत वाटते, पण ती फार धोकादायक. रखवालदाराला तिथे 'अस्कारी' म्हणतात. जेवायला जायचं असेल तर त्याला फोन करा किंवा खोलीत ठेवलेली शिट्टी वाजवा, तो टॉर्च घेऊन येतो. जिथे ही पद्धत आहे तिथे 'दहा पावलांवर तर आहे' म्हणून निघू नका.

रात्री कुणीतरी कुरकुरणारं दार उघडतंय आणि मग किंचाळतंय, असा आवाज आला तर घाबरू नका. तो ट्री हायरॅक्स, झाडावर राहणारा सशाएवढा प्राणी. नात्याने तो हत्तीच्या जवळचा आहे, आणि एवढ्याशा जिवातून एवढा आवाज निघतो यावर पहिल्या रात्री विश्वास बसत नाही.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

इथे जेवणाची काळजी करायचं कारण नाही, मात्र सांगायचं नीट. पूर्व आफ्रिकेत भारतीय, विशेषतः गुजराती, पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. चपाती, संबुसा म्हणजे आपला समोसा, पिलाऊ आणि चहा हे तिथल्या लोकांचंच खाणं झालं आहे. 'कचुंबरी' मागितली की कांदा-टोमॅटोची कोशिंबीर येते. 'म्चिचा' म्हणून जी पालेभाजी वाढतात तो माठ. 'महारागे' म्हणजे राजम्यासारख्या दाण्यांची, बऱ्याचदा नारळाच्या दुधातली उसळ. शिवाय मळ्यावर भाजी वाफ्यातून थेट स्वयंपाकघरात जाते, त्यामुळे साधं गाजर-बीटही चवदार लागतं.

घोटाळा होतो तो सूपमध्ये. भाजीचं सूप म्हणून जे येतं ते कधीकधी कोंबडीच्या किंवा हाडांच्या पाण्यावर केलेलं असतं आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने ते शाकाहारीच असतं. म्हणून 'आम्ही शाकाहारी' एवढ्यावर थांबू नका. मांस, मासे, कोंबडी, त्यांचं पाणी आणि चरबी काहीच नको, अंडं चालतं की नाही, असं एकेक लिहून बुकिंगच्या वेळी पाठवा आणि पोचल्यावर आचाऱ्याला भेटून पुन्हा सांगा. 'सिली न्यामा' म्हणजे मी मांस खात नाही. हे दोन शब्द सफारीभर उपयोगी पडतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी हे आठवडाभर आधी कळवावं, कारण बरेच पदार्थ कांद्यावरच सुरू होतात.

तिखट जेवण हवं असेल तर 'पिलीपिली' मागा. ठेचलेल्या मिरचीची वाटी येते आणि ती खरोखर तिखट असते. चहा आपल्यासारखा हवा असेल तर दूध वेगळं न देता चहातच उकळून द्या, असं सांगा. आल्याचा चहाही करून देतात.

मळ्यावरचा रिकामा दिवस

या दिवसासाठीच मी एवढं लिहितोय. सेरेंगेटीनंतर कराटूला दोन रात्री घ्या आणि मधल्या दिवशी गाडी काढूच नका.

सकाळी कॉफीच्या मळ्यातून चक्कर मारा. बहुतेक लॉज मोफत किंवा थोड्या पैशांत मळ्यातला माणूस बरोबर देतात. इथली कॉफी अरेबिका जातीची. एकाच फांदीवर हिरवी, पिवळट आणि लालभडक फळं शेजारी शेजारी असतात आणि तोडणाऱ्या बायका फक्त लाल फळ हाताने खुडतात. म्हणून त्याच झाडापाशी काही दिवसांनी पुन्हा यावं लागतं. पिकलेलं फळ दाबून बघा. साल सुटते आणि दोन बिया चिकट, गोड गरात माखलेल्या बाहेर येतात. हा चिकटपणा काढण्यासाठी बिया आंबवतात, धुतात आणि उंच जाळीच्या मांडवावर उन्हात पसरतात. वाळल्यावर त्यांच्यावर चर्मपत्रासारखं पातळ टरफल राहतं, ते काढल्यावर राखाडी-हिरवट बी मिळतं. काही ठिकाणी ते तुमच्यासमोर मातीच्या चुलीवर भाजतात. बिया तडतडायला लागल्या की धूर आणि वास दोन्ही एकदम उठतात. त्यानंतर येणारा कप बिनसाखरेचा पिऊन बघा.

मळ्याच्या बाहेर पडलात तर शेतांकडे लक्ष द्या. मक्यात तूर लावलेली दिसेल. टांझानियातून भारतात तुरीची आयात होते आणि कराटूचा भाग तुरीसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या आमटीतली डाळ कदाचित या लाल मातीतली असू शकते. शेतकऱ्याशी बोलायला यापेक्षा चांगला विषय नाही. इथले बहुसंख्य शेतकरी इराक्व समाजाचे. त्यांची भाषा कुशिटिक कुळातली, म्हणजे आजूबाजूच्या बांटू भाषांपेक्षा वेगळी. पूर्वी मसाईंच्या गुरं पळवणाऱ्या टोळ्यांपासून बचाव व्हावा म्हणून ते उताराच्या मातीत खोदून घरं बांधत. अशी घरं काही ठिकाणी बघायला मिळतात. घरात जाण्याआधी आणि फोटो काढण्याआधी विचारा, आणि लॉजतर्फे गेलात तर पैसे त्या कुटुंबापर्यंत कसे पोचतात तेही विचारा.

पाय चालत असतील तर हत्तींच्या गुहांची वाट करा. कराटूच्या वरच्या अंगाला, गोरोंगोरोच्या जंगलात, हत्ती क्षारांसाठी सुळ्यांनी डोंगराची माती खोदतात. वर्षानुवर्षं खोदून तिथे कपारी झाल्या आहेत. रेंजर बरोबर असल्याशिवाय जाता येत नाही आणि जंगलाचं शुल्क वेगळं लागतं, त्यामुळे आदल्या दिवशी स्वागतकक्षात सांगून ठेवा. कपारीच्या भिंतीवर सुळ्यांच्या लांब रेघा स्पष्ट दिसतात.

चालायचं नसेल तर व्हरांड्यात बसा. सूर्यपक्षी फुलांवर येतात. सिल्व्हरी-चीक्ड हॉर्नबिल हा आपल्या धनेशाचा भाऊबंद, त्याच्या पंखांचा आवाज आधी ऐकू येतो आणि मग तो दिसतो. हार्टलॉब्स तुराको बसलेला असताना हिरवा-निळा दिसतो आणि उडाला की पंख लालभडक. हा लाल रंग तांब्याचा अंश असलेल्या रंगद्रव्याचा असतो. मुलांच्या हातात दुर्बीण द्या आणि त्यांना मोकळं सोडा.

धुळीचे कपडे सकाळीच धुवायला टाका, म्हणजे संध्याकाळपर्यंत वाळून, इस्त्री होऊन येतात. काही लॉज अंतर्वस्त्रं धुवायला घेत नाहीत, त्यांच्यासाठी खोलीत साबणाची पुडी ठेवलेली असते.

क्रेटरची पहाट

गेट सहाला उघडतं. कराटूहून साडेपाचच्या आत निघालात तर गर्दीच्या आधी खाली पोचता. आदल्या रात्री तीन गोष्टी सांगून ठेवा: उठवण्याची वेळ, निघण्याआधी चहा-बिस्किटं आणि शाकाहारी लंच बॉक्स. डब्यावर नाव लिहायला सांगा, नाहीतर गाडीत कोंबडीचा डबा निघतो. गेटवर माकडं फिरत असतात, खिडक्या बंद ठेवा. क्रेटरच्या तळाशी सहलीची जागा आहे, न्गोइटोकिटोक तळ्याकाठी. तिथे घारी वरून झेप घेऊन हातातलं सँडविच उचलतात आणि त्यांच्या नख्या लागतात. दृश्य बाहेर बघा, जेवण गाडीत करा.

क्रेटरची भिंत सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि तळ साधारण २६० चौरस किलोमीटरचा. कड्यावर धुकं आणि कडाक्याची थंडी असते, दुपारी तळाशी ऊन तापतं. कपडे थरांत घाला.

पैसे आणि टीप

डॉलर नेताना नव्या, स्वच्छ, न फाटलेल्या नोटा न्या. जुन्या छपाईच्या नोटा तिथे घेत नाहीत. गावातल्या खरेदीसाठी थोडे शिलिंग, म्हणजे तिथलं चलन, काढून ठेवा. लॉजवर स्वागतकक्षात टीपची पेटी असते. तिच्यात टाकलेले पैसे स्वयंपाकघर, बाग, धोबी अशा समोर न येणाऱ्यांनाही वाटले जातात, म्हणून वेगवेगळ्या हातांत देण्यापेक्षा पेटीत टाकलेलं चांगलं. खोलीमागे रोजचे पाच ते दहा डॉलर साधारण ठीक. ड्रायव्हर-गाइडची टीप वेगळी, गाडीमागे दिवसाला वीस ते तीस डॉलर, सफारी संपताना त्याच्या हातात. हे पैसे पहिल्यापासून बजेटमध्ये धरा. आठवडाभर त्याने तुमच्यासाठी गवतात डोळे लावलेले असतात, शेवटी हात आखडता घेणं बरं दिसत नाही.

निघायचा दिवस

परतीचं विमान संध्याकाळी किंवा रात्री असेल तर कराटूहून सकाळी निघून अरुशाकडे या आणि तिथे 'डे रूम' घ्या. म्हणजे काही तासांसाठी खोली: अंघोळ, जेवण, सामानाची आवराआवर आणि तासभर झोप. बरेच लॉज कमी दरात देतात, पण आधी सांगावं लागतं. कराटू ते किलिमांजारो विमानतळ चार तास धरा आणि वर एक तास राखीव ठेवा, कारण अरुशाच्या बाहेर ट्रकांची रांग लागते.

भाजलेली कॉफी बंद पाकिटात आणायला हरकत नाही. कच्च्या बिया आणि रोपं आणू नका, भारतात त्यांना वनस्पती तपासणीचे नियम आहेत. पीस, हाडं, साळिंदराचे काटे, शिंपले मुलांनी उचलून बॅगेत टाकले असतील तर आवरतानाच काढून टाका. विमानतळावर सामान तपासलं जातं आणि वन्यप्राण्यांचा कुठलाही अवशेष बाहेर न्यायला परवाना लागतो. यलो फीवरचं कार्ड पासपोर्टच्या आत, हातातल्या पिशवीत ठेवा.